एकाच साच्याच्या घारी

माझ्या धाकट्या काकांनी उभा जन्म लोकांच्या पायाखाली घालवला. ते फरशी बसवायचे. ज्याच्या घरात काम केलं त्याने मान खाली घातली की आपली आठवण यायला हवी, असं ते म्हणायचे, आणि बऱ्याच घरांत ती येतही असावी. त्यांच्या हातची फरशी तळहात फिरवला तरी कुठे अडायची नाही.

कामावर गेले की पहिल्यांदा ते खोक्यांवरचा लॉट नंबर बघायचे. एखाद्या खोक्यावर वेगळा दिसला की थापी खाली ठेवून मालकाला हाक. मालक म्हणायचा, "अहो, नाव तेच आहे, रंग तोच आहे, कारखानाही तोच!"

"सगळं तेच आहे," काका म्हणायचे, "पण भट्टी दुसऱ्या दिवशी पेटलीय. आज तुम्हाला फरक दिसणार नाही. बसवून झाल्यावर खिडकीतून ऊन आलं की दिसेल. मग रोज दिसेल."

अशा माणसाचे गुडघे गेले. इतकी वर्षं उकिडवं बसून दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, आता जमिनीवर बसायचं नाही, चालायचं भरपूर. काका घरी बसले, आणि घरी बसलेल्या कारागिराइतका ताप दुसरा नाही. काकूने ओट्यावर डबे मांडले की ते रांग सरळ करायचे. दार कुरकुरतं, खिडकी तिरकी आहे, शेजारच्यांची पायरी एका अंगाला झुकलीय, असं दिवसभर चालायचं. शेवटी काकूने त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, फोन केला. "यांना कुठेतरी घेऊन जा गं. नाहीतर मला घेऊन जा."

ताई त्याच गावात राहायची. तिने हे काम नवऱ्याच्या गळ्यात घातलं.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भावजी, इस्पितळात एक्स-रे काढतात. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं अगदी मोजकं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासऱ्याशी त्यांचं संभाषण "काय म्हणता?" आणि "बरं आहे" यापुढे सरकलं नव्हतं. काका मागे म्हणायचे, "हे एक्स-रे काढताना 'श्वास रोखा' म्हणत असतील आणि 'सोडा' म्हणायचं विसरत असतील." समोर मात्र एकदम अदबीनं, "या जावईबापू, बसा."

भावजींना नाद एकच, डिस्क गोल्फचा. काकांच्या घरामागे मोठं मैदान होतं, झाडं, उंचसखल गवत आणि मधोमध तळं असलेलं. तिथे ठिकठिकाणी खांबांवर साखळ्या लावलेल्या टोपल्या होत्या. लांबून चकती फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. खेळ एवढाच. मैदान जवळ म्हणून भावजींची चकत्यांची पिशवी काकांच्या व्हरांड्यातच असायची. काका तिला "भांड्यांचं दुकान" म्हणायचे.

पहिल्या रविवारी ते केवळ चालायचं म्हणून गेले. "मोठी माणसं ताटल्या फेकत हिंडतात," ते आल्यावर काकूला म्हणाले. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "त्यात मनगटाचं काम आहे." तिसऱ्या रविवारी काकू उठायच्या आधी ते बूट घालून दारात उभे.

भावजींच्या पिशवीत एक नारिंगी चकती होती. लांब फेकायची पातळ, धारदार कडेची चकती, तिला खेळणारे ड्रायव्हर म्हणतात. तिच्यावरचं छापील नाव लांबलचक होतं, म्हणून काकांनी तिचं नाव घार ठेवलं. ती होतीच तशी. भावजींच्या हातातून सुटली की जमिनीला समांतर, सरळ जायची, खूप वेळ जायची, आणि आता पडणार असं वाटलं की हळूच डावीकडे वळून टोपलीच्या पायाशी बसायची. रंग उडालेला, कड खरवडलेली, पोटावर झाडांच्या सालीचे डाग. भावजी ती दुसऱ्या कुणाला देत नसत. कुणी मागायचंही नाही.

काकांनी मागितली नाही. घेतली.

मधल्या वारी भावजी ड्यूटीवर होते, काका मैदानात एकटे होते आणि ऊन छान पडलं होतं. त्यांना एकदाच तळ्यावरून फेकून बघायची होती. घार सरळ गेली, हळूच डावीकडे वळली आणि तळ्याच्या मध्यावर जाऊन टेकली. काका सांगतात, ती लगेच बुडाली नाही. क्षणभर पाण्यावर नारिंगी ठिपका राहिला, मग गेला.

ते गुडघ्यांसकट पाण्यात उतरले. चिखलात काठी घालून चाचपत राहिले. शेवटी मैदानाचा राखणदार ओरडत आला, "अहो आजोबा, पोहायचा तलाव पलीकडच्या रस्त्याला आहे!" घरी आले तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता.

"कुठे पोहून आलात?" काकू म्हणाली.

"घसरलो."

"तळ्यात?"

"तळ्याशेजारी," काका म्हणाले आणि सरळ न्हाणीघरात गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळाच्या दुकानातून तेच नाव छापलेली, त्याच रंगाची नवी चकती आणली. मग स्वतःच्या हत्यारांची पेटी उघडली. पॉलिश पेपर घेऊन कड घासली, चहाच्या पाण्याने रंग मारला, परसातल्या झाडावर तिला पुन्हा पुन्हा आपटलं. काम झाल्यावर ती हातभर दूर धरून ते स्वतःवरच खूश झाले. लॉट नंबर न बघता फरशीचं खोकं न उघडणाऱ्या माणसाने चकतीचं पोट उलटूनही पाहिलं नाही.

रविवारी मीही गेले होते, म्हणून पुढचं मला डोळ्यांनी दिसलं. भावजींनी घार काढली, दोन पावलं टाकली आणि फेकली. चकती सुटली, वर उचलली गेली, उजवीकडे कलली आणि कलतच राहिली. झुडपात गेली. भावजी झुडपात शिरले. शोधून आणली, पुन्हा फेकली. पुन्हा तेच झुडूप.

मग त्यांनी ती हातात घेतली. अंगठ्याने मधोमध दाबली. डोळ्यांसमोर आडवी धरून तिची पाठ पाहिली, इस्पितळात प्रकाशासमोर फिल्म धरतात तशी. कडेवरून बोट फिरवलं.

"बाबा," ते म्हणाले, "ही माझी नाही."

काकांचा चेहरा पडला. पण खोटं त्यांना तसंही झेपत नाही. त्यांनी तळ्याकडे बोट केलं आणि सगळं सांगून टाकलं, अगदी चहाच्या पाण्यासकट.

"कडेला पॉलिश पेपर मारलात?"

"मारला."

"म्हणून इतकी उजवीकडे जातेय." भावजी किंचित हसले. "पण नसता मारलात तरी गेली असती. ही नंतरच्या रनची आहे. माझी पहिल्या रनमधली होती."

"रन म्हणजे?"

"साचा एकच असतो, बाबा. पण कंपनी एका वेळी थोडा माल काढते, तो संपला की पुन्हा काढते. दर खेपेला प्लास्टिकची मिसळ थोडी बदलते, रंग बदलतो, थंड व्हायला कमीजास्त वेळ लागतो. मग एखादीची पाठ फुगीर होते, एखादी सपाट. कुणी मऊ, कुणी कडक. नाव मात्र एकच."

काका मटकन बाकावर बसले. "लॉट," ते म्हणाले. "अहो, लॉट! आणि मी बघितला नाही!"

त्यांना लाज कशाची जास्त वाटली, चकती बुडवल्याची की लॉट न पाहिल्याची, हे मला आजही ठरवता येत नाही. भावजी म्हणाले, "राहू द्या, वस्तू आहे, जाते." परत येताना मात्र ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं. ती चकती भावजींना त्यांच्या वडिलांनी पहिली नोकरी लागली तेव्हा घेऊन दिली होती. ते गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं. मी ते काकांना सांगायला नको होतं, पण सांगितलं.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बूट घालून बाहेर पडले. "पहिल्या लॉटचा माल कुठेतरी पडून असतोच," ते म्हणाले. "फरशीचा असतो. कुणाच्या तरी माळ्यावर चार नग उरलेले असतात."

दुकानं झाली, मैदानावरची माणसं झाली, आणि कुणीतरी त्यांना कॅप्टनकडे पाठवलं. कॅप्टन म्हणजे पोहणं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. गळ्यात अजून शिट्टी असायची आणि आवाजाला शिट्टीची गरज नव्हती. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नव्हती, भिंतभर चकत्याच होत्या. काकांनी घार म्हटलं ते त्यांना कळेना, पण छापील नाव सांगितल्यावर त्यांनी एका फळीवरून पंधरावीस चकत्या काढल्या. सगळ्यांवर नाव एकच, पोटावर मात्र रनची बारीक अक्षरं वेगवेगळी.

"विकणार नाही," कॅप्टन म्हणाल्या. "पण फेकून बघायला हरकत नाही. जावयाला घेऊन या."

पुढच्या रविवारी मैदानाच्या मोकळ्या अंगाला आम्ही जमलो. काकांनी हत्यारांची पेटी आणली होती. फेकायच्या जागेपासून समोरच्या झाडापर्यंत त्यांनी फरशीची दोरी ताणली, म्हणजे चकती डावीकडे गेली की उजवीकडे यावर वाद नको. मग एकेक चकती पालथी घालून तिच्या पाठीवर पट्टी उभी धरली आणि पट्टीखाली कडेला किती फट राहते ते पाहिलं. फुगीर एका बाजूला, सपाट एका बाजूला. कॅप्टननी स्वयंपाकघरातला काटा आणला होता, त्यावर वजनं झाली. वजनांत फारसा फरक निघाला नाही. अंगठ्याने दाबल्यावर मात्र काही पापडासारख्या कडक आणि काही चपलेच्या तळव्यासारख्या मऊ लागल्या.

फेकणारे एकटे भावजी. कॅप्टनची सक्त ताकीद होती, "हात एकच हवा, नाहीतर हातातला फरक चकतीच्या माथी मारला जातो. आणि एकच चकती लागोपाठ फेकायची नाही, हात तिला शिकतो." म्हणून त्या पाठीमागून न सांगता कुठलीही चकती हातात द्यायच्या. वारा आला की थांबायचं. मी पडलेल्या जागी खडूची खूण केलेले दगड ठेवत धावत होते.

दुपारपर्यंत दगडांची नक्षी उमटली. फुगीर पाठीच्या मऊ चकत्या लांब जायच्या, पण दोरी ओलांडून उजवीकडे भरकटायच्या. सपाट आणि कडक चकत्या थोडं सरळ गेल्यासारखं करून लगेच डावीकडे कोसळायच्या. अशी एकच निघाली, जी दोरीवरून सरळ गेली, खूप वेळ गेली आणि शेवटी हळूच डावीकडे वळली. भावजींनी श्वास रोखून धरला होता. चकती पडली तेव्हा काकाच ओरडले, "सोडा, जावईबापू, सोडा!"

ती पिवळट, झिजलेली चकती होती. काकांनी पळत, म्हणजे त्यांना जमेल तेवढं पळत, ती आणली आणि उलटी केली. पोटावरचं अक्षर पहिल्या रनचं.

"मिळाली!" ते म्हणाले.

"ती माझी आहे," कॅप्टन म्हणाल्या. "बारा वर्षं फेकतेय. मेले तरी देणार नाही. पण तुम्ही दोघं जरा इकडे बघा." त्यांनी डावीकडच्या दगडांपैकी सर्वांत बाहेरच्या दगडाशी पडलेली एक राखाडी चकती उचलली. भावजींनी फेकलेल्यांतली सर्वांत वाईट. हातातून सुटताच दगडासारखी डावीकडे गेली होती. "हिचं अक्षर वाचा."

तेच अक्षर. पहिला रन.

काका एकदा पिवळीकडे, एकदा राखाडीकडे बघत राहिले. "लॉट एक आहे. मग असं कसं?"

"ही कधी कुणी फेकलीच नाही. विकत घेतली तशी फळीवर ठेवलेली," कॅप्टन म्हणाल्या. "पिवळीने माझ्याबरोबर झाडं खाल्लीत, दगड खाल्लेत. कड झिजली तसा तिचा हट्ट कमी झाला."

भावजी गवतावर बसले. आणि ते इतकं बोलले की ताई बघतच राहिली. "मला आठवलं," ते म्हणाले. "आमच्या बाबांनी आणून दिली त्या दिवशी माझीही अशीच पडत होती. सुटली की डावीकडे, सुटली की डावीकडे. बाबांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण माझं तोंड बघून ते म्हणाले, दुकानदाराने फसवलं, चल परत देऊन येऊ. पावती घेऊन निघालेसुद्धा होते. मी म्हटलं राहू द्या, तुम्ही आणलीय. नंतर कधी सरळ जायला लागली मला कळलंच नाही. मी समजत होतो ती पहिल्यापासूनच तशी होती." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच हसले. "किती चिडले होते हो त्या दुकानदारावर."

काका त्यांच्याशेजारी बसायला गेले, गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून उभ्याउभ्याच त्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

भावजींनी पिवळी कॅप्टनना परत केली. राखाडी हातात धरून विचारलं, "ही द्याल? बाकीचं मी करीन."

"विकत नाही म्हटलं ना." कॅप्टननी काकांच्या पेटीकडे पाहिलं. "पण माझ्या गॅरेजची जमीन पार उखडलीय. पावसात ओल येते, चकत्या खराब होतात. तुम्ही फरशीवाले ना?"

"होतो," काका म्हणाले. "आता खाली बसता येत नाही."

"मी बसेन," भावजी म्हणाले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, बाबा. मी बसवतो."

ते गॅरेजचं काम म्हणजे आमच्या घरातलं नाटकच झालं. काका उंच स्टुलावर, हातात लांब काठी. खाली भावजी, गुडघ्यांना फडकी बांधून, कोपरापर्यंत सिमेंट. पहिल्याच दिवशी काकांची सगळी अदब गळून पडली.

"अरे, थापी अशी धरतात का? भाजी ढवळतोयस? मनगट वापर, मनगट! चकती फेकताना कसं वापरतोस?"

"वापरतोय, बाबा."

"पाणसळ ठेव. बुडबुडा बघ कुठे आहे. मधे आहे का? अरे, मधे म्हणजे मधे!"

भावजींनी पहिली रांग तीनदा उखडली. तिसऱ्यांदा बुडबुडा मधोमध थांबला तेव्हा काकांनी फक्त काठीने पुढच्या फरशीकडे खूण केली. काकू दुपारी डबा घेऊन आली आणि दारातूनच मला म्हणाली, "बघ गं, किती दिवसांनी घसा बसलाय यांचा." तिला इतकं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

फरशी चांगली झाली. काकांच्या हातची नव्हती, एका कोपऱ्यात सांधा केसभर रुंद राहिला, पण काकांनी तो दुरुस्त करू दिला नाही. सामान ज्या दुकानातून आणलं होतं त्याचा मालक एकदा डोकावून गेला होता. त्याच्याकडे नवे कारागीर यायचे, टिकायचे नाहीत, कारण शिकवायला कुणाला वेळ नव्हता. त्याने विचारलं, स्टूल आणि काठी घेऊन आमच्याकडे याल का? काकांनी आधी नाही म्हटलं. गुडघे नसलेला फरशीवाला काय कामाचा, म्हणाले. काकू म्हणाली, "गुडघे त्यांचे वापरा. घसा तुमचा आहेच."

आता ते आठवड्यातले चार दिवस दुकानामागच्या शेडमध्ये शिकवतात. पोरीबाळी, पोरं, एक निवृत्त पोस्टमनसुद्धा शिकायला येतो. पहिला धडा लॉट नंबरचा. नव्या माणसासमोर एकसारख्या दिसणाऱ्या चार फरश्या ठेवतात आणि उन्हात नेऊन विचारतात, कुठली परकी? सगळ्यांना एकदम ओळखता येत नाही. काका रागावत नाहीत. "मलाही एकदा ओळखता आली नव्हती," म्हणतात, आणि तळ्याची गोष्ट सांगतात. चहाच्या पाण्यासह.

राखाडी चकती अजून हट्टीच आहे. भावजी तिला दर रविवारी फेकतात, झाडांवर आपटते, डावीकडे पडते, उचलून आणतात. मागच्या महिन्यापासून ती कोसळण्याआधी थोडा वेळ सरळ राहते. कॅप्टन म्हणतात, हो. ताई म्हणते, तुम्हाला तसं वाटतंय. काकांनी दोरी ताणून पाहिली आणि निकाल राखून ठेवला.

आणि काल खेळाच्या दुकानात त्याच साच्याचा नवा रन आलाय. काकांनी सकाळीच फोन करून सांगितलं, पाठ फुगीर आहे, पण प्लास्टिक कडक. असं कॉम्बिनेशन आधी झालं नव्हतं. भावजींचं मत, सरळ जाईल. काकांचं मत, उजवीकडे. दोघंही इतके अडून बसलेत की काकूने रविवारचा डबा आधीच जाहीर केलाय, आणि मला दगड गोळा करून ठेवायला सांगितलंय.